हळू सायकल शर्यतीत पहिल्यांदा उतरताना

२६ जानेवारीला गावच्या शाळेत हळू सायकल शर्यत ठेवतात ना? यात शेवटी पोचतो तो पहिला. पाय टेकला की बाद, फक्कीच्या रेघेबाहेर चाक गेले तरी बाद.

शाळकरी वयात मी पहिल्यांदा उतरलो. वडील कापसाची वेचणी सोडून पाहायला आले होते. दहा हातांवरच माझा पाय टेकला. सारे हसले. वडील काही बोलले नाहीत. सायंकाळी अंगणात त्यांनी राखेने दोन रेघा ओढल्या.

त्या रेघांत मी शिकलो ते सांगतो. वेग घटला की तोल जातो. म्हणून नजर चाकावर नको, समोर ठेवा. मागचा ब्रेक हलका दाबून पायडल मारत राहा. झुकाल तिकडे हँडल किंचित वळवा. पुढच्या वर्षीही नंबर आला नाही, पण पाय टेकला तो शेवटची रेघ ओलांडूनच.

परदेशात एकचाकी सायकलवरून दगड, फळ्या पार करण्याच्या स्पर्धा होतात. तिथे पाय टेकला तरी वेळ संपेपर्यंत तोच टप्पा पुन्हा करता येतो. आपल्या शर्यतीत ही सवलत नाही. अंगणात मात्र आहे. पोर बाद झाले तर रागावू नका. चुलीतली राख घ्या आणि रेघा ओढा.