पियानो वाजतो आहे, पण वाजवणारा कुठे आहे?

मंडळी, गाण्याची बैठक संपली आणि चहाचे कप हातात आले, की आपल्याकडे एक वाद हमखास रंगतो. तबलजीऐवजी तबल्याच्या यंत्रावर आणि तानपुऱ्याऐवजी तानपुऱ्याच्या पेटीवर गायलेले गाणे ‘खरे’ गाणे का? एक पक्ष म्हणतो, यंत्राला कान नसतात. ते गायकाकडे बघत नाही, त्याला सांभाळून घेत नाही, जागा घेतली तर मान डोलवत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पन्नास मैलांच्या परिसरात तबलजी नसेल तर मुलांनी रियाज कशावर करायचा? दोन्ही पक्ष बरोबर असल्यामुळे हा वाद संपत नाही, चहा मात्र संपतो.

पण या दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य असते. यंत्र म्हणजे माणसाची बदली, माणूस मिळाला नाही म्हणून केलेली तडजोड. आज ज्याची ओळख करून द्यायची आहे, त्या कॉनलॉन नॅनकॅरोने नेमकी हीच गोष्ट खोटी ठरवली. माणसाच्या दहा बोटांना जे वाजवता येणार नाही ते ऐकता यावे म्हणून त्याने यंत्र घेतले, आणि जवळजवळ चाळीस वर्षे तो मुख्यतः त्या यंत्रासाठीच लिहीत राहिला.

हे यंत्र म्हणजे ‘प्लेअर पियानो’, अर्थात आपोआप वाजणारा पियानो. जुन्या अमेरिकन सिनेमात पट्ट्या आपोआप खाली-वर होणारा पियानो तुम्ही पाहिला असेल. त्यात वीज किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेच पाहिजे असे नाही. सगळा खेळ हवेचा आहे. सुमारे सव्वाअकरा इंच रुंद कागदाचा रोल एका पितळी पट्टीवरून सरकत जातो. त्या पट्टीला ओळीने छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक नळी. पूर्ण पियानोला ८८ स्वर, म्हणून स्वरांची छिद्रेही ८८. भात्याने आत निर्वात निर्माण केलेला असतो. कागदाने छिद्र झाकले आहे तोवर सगळे शांत. कागदातले भोक त्या छिद्रावर आले की हवा आत शिरते, एक छोटा भाता मिटतो, हातोडी उडते आणि तार वाजते. भोक लांब असेल तर स्वर लांब, आखूड असेल तर आखूड.

लॅबमध्ये ज्यांनी चार्ट रेकॉर्डरचा सरकता कागद पाहिला आहे, त्यांना हे लगेच समजेल. तिथे यंत्र बोलते आणि पेन कागदावर लिहून घेते. इथे बरोबर उलटे आहे: कागद बोलतो आणि यंत्र ऐकते. रोलच्या लांबीवर काळ, रुंदीवर स्वराची उंची. म्हणजे रोल हा शुद्ध आलेखच आहे, फक्त शाईऐवजी भोकांनी काढलेला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे पियानो बाजारात आले आणि १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक अशा आपोआप वाजणाऱ्या जातीचे होते. मग रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला, १९२९ ची मंदी आली आणि हा धंदा बसला.

या यंत्राकडे गंभीर संगीतकारांचे लक्ष गेले नव्हते असे नाही. त्याच्याही आधी, १७९१ मध्ये, मोझार्टने घड्याळात बसवलेल्या यांत्रिक ऑर्गनसाठी रचना लिहिल्या होत्या. स्ट्राविन्स्कीने १९१७ मध्ये पियानोलासाठी एक एट्यूड लिहिला. १९२६ मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात हिंडेमिथ वगैरे मंडळींनी यांत्रिक पियानोसाठीच्या रचना सादर केल्या. सगळ्यांत मोठा धडाका जॉर्ज अँथाइल या अमेरिकन तरुणाचा. त्याच्या ‘बॅले मेकॅनिक’ या रचनेत एकाच वेळी चालणारे सोळा प्लेअर पियानो होते, शिवाय विमानाचे पंखे आणि विजेच्या घंटा. अडचण अशी की सोळा पियानो एकमेकांशी तंतोतंत जुळवून चालवण्याचे तंत्र तेव्हा नव्हतेच. रचना कापून-छाटून सादर करावी लागली. मूळ रूपात ती ऐकायला १९९९ साल उजाडावे लागले. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे संगणकाने चालणारे सोळा पियानो एकत्र बसवण्यात आले. याच अँथाइलने हॉलिवूडची नटी हेडी लमार हिच्याबरोबर १९४२ मध्ये एक पेटंट घेतले. पाणतीराला रेडिओने पाठवलेला संदेश शत्रूला अडवता येऊ नये म्हणून त्याची लहरसंख्या सतत बदलत ठेवायची, आणि ती केव्हा बदलायची हे दोन्ही बाजूंना एकसारख्या भोकांच्या रोलने सांगायचे. पेटंटमध्ये लहरसंख्या किती? अठ्ठ्याऐंशी!

पण अँथाइल आणि इतर मंडळी या यंत्राच्या वाड्यावर पाहुणी म्हणून आली आणि गेली. तिथे बिऱ्हाड थाटले ते नॅनकॅरोने.

त्याचा जन्म १९१२ चा, आर्कान्सामधल्या टेक्सारकाना गावचा. तो ट्रम्पेट वाजवायचा, जॅझचा शौकीन होता. बॉस्टनमध्ये त्याने संगीतरचनेचे धडे घेतले, डाव्या विचारांकडे ओढला गेला आणि १९३७ मध्ये फ्रँकोच्या फौजांशी लढायला अब्राहम लिंकन ब्रिगेडमधून स्पेनला गेला. तिथून परतल्यावर त्याच्या राजकीय मतांमुळे त्याला अमेरिकन पासपोर्ट नाकारण्यात आला. जन्माने अमेरिकन असलेल्या माणसाला त्याचा स्वतःचा देश ‘तू आमचा नाहीस’ म्हणतो म्हणजे काय, हे आपल्यासारख्या, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये जपणाऱ्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. १९४० मध्ये तो मेक्सिको सिटीला गेला. पुढे मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

तिथे तो एकटा पडला. डोक्यात विलक्षण गुंतागुंतीच्या लयी घोळत होत्या आणि त्या वाजवणारे वादक जवळ नव्हते. न्यूयॉर्कमध्येही पुरेशा सरावाअभावी त्याची एक रचना फसली होती. अशात हेन्री कॉवेल या संगीतकाराच्या १९३० सालच्या पुस्तकातली एक सूचना त्याच्या मनात घर करून होती: ज्या लयी माणसाला जमत नाहीत, त्या प्लेअर पियानोच्या रोलवर भोके पाडून सहज वाजवता येतील. कॉवेलने स्वतः तसे केले नाही. १९४७ मध्ये नॅनकॅरोच्या हाती वारशाचे थोडे पैसे आले. तो न्यूयॉर्कला गेला, एक प्लेअर पियानो विकत घेतला आणि भोके पाडायचे हातयंत्र एका कारागिराकडून बनवून घेतले. हे सामान मेक्सिकोला आणून तो कामाला बसला.

‘सहज’ हा शब्द मात्र कॉवेलचा. काम सहज नव्हते. आधी कागदावर काळाची मोजमापे आखायची, मग स्वर लिहायचे, मग एकेक भोक हाताने पाडायचे. काही मिनिटांच्या रचनेला कित्येक महिने लागत. आवाज टोकदार यावा म्हणून त्याने आपल्या दोन पियानोंच्या हातोड्याही बदलल्या: एकाच्या हातोड्यांवर धातूच्या पट्ट्या, दुसऱ्याच्या हातोड्यांवर चामडे. अशा सुमारे पन्नास रचना त्याने केल्या. नावे अगदी रुक्ष, ‘स्टडी नंबर अमुक’. यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात म्हणतात. इथे तीन मिनिटे वाजणाऱ्या यंत्रामागे एका माणसाची कित्येक महिन्यांची बैठक होती.

आता संगीताकडे येऊ. त्याचा आवडता प्रकार म्हणजे ‘कॅनन’. एका आवाजाने एक सुरावट सुरू करायची, थोड्या वेळाने दुसऱ्याने तीच सुरावट सुरू करायची. नॅनकॅरोने त्यात भर घातली ती लयीची: प्रत्येक आवाजाची लय वेगळी. स्टडी नंबर ३६ मध्ये चार आवाज आहेत आणि त्यांच्या लयींचे प्रमाण १७:१८:१९:२० असे आहे. आपण गणित करून पाहू. समजा, एक आवाज मिनिटाला ८५ ठोक्यांनी चालतो आणि दुसरा १०० ठोक्यांनी. सुरावट १७० ठोक्यांची धरली, तर पहिल्याला ती म्हणायला १२० सेकंद लागतील, दुसऱ्याला १०२. दुसऱ्याने नऊ सेकंद उशिरा सुरुवात केली, तर बरोबर मध्यावर दोघे एकाच स्वरावर येतील आणि मग दुसरा पुढे निघून जाईल.

ज्यांनी मुंबईत दिवस काढले आहेत, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेले आहे. धीमी लोकल आधी सुटते, जलद लोकल मागून येते. एका क्षणी दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून धावतात, पलीकडच्या माणसाच्या हातातला पेपर वाचता येतो, आणि मग जलद गाडी पुढे सरकते. नॅनकॅरोच्या संगीतातला तो खिडकीला खिडकी लागण्याचा क्षण म्हणजे, आपल्या भाषेत, सम! फरक एवढाच, की आपली सम दर आवर्तनाला येते. कितीही आडवळणाची लयकारी झाली तरी पुन्हा समेवर भेटण्याचा करार असतो. इथे कित्येकदा सगळ्या रचनेत सम एकदाच येते. आधीची सगळी ओढ तिच्याकडे आणि नंतरचे सगळे तिच्यापासून दूर जाणे. हे एकदा कळले की जो आधी नुसता गोंगाट वाटतो, त्यात कान आपोआप समेची वाट पाहू लागतो.

पुढे पुढे तर तो फारच धाडसी झाला. स्टडी नंबर ३३ मध्ये लयींचे प्रमाण २ चे वर्गमूळ आणि २ असे आहे. नंबर ४० मध्ये गणितातली ‘ई’ ही संख्या आणि ‘पाय’. ज्यांचा गणिताशी संबंध सुटला आहे, त्यांच्यासाठी सांगायचे तर नंबर ३३ मधल्या दोन लयी एका ठोक्यावर भेटल्या की पुन्हा नेमक्या कधीच भेटत नाहीत. नंबर ३७ मध्ये बारा वेगवेगळ्या लयींत चालणारे बारा आवाज आहेत. आणि नंबर २१, ‘कॅनन एक्स’, यात एक आवाज संथपणे सुरू होऊन वेग वाढवत जातो, दुसरा वेगाने सुरू होऊन मंदावत जातो. दोघे वाटेत एकमेकांना छेदतात. शेवटी वेगवान आवाज सेकंदाला शंभराहून अधिक स्वर वाजवतो. तिथे वेगळे स्वर ऐकू येईनासे होतात. उरते ती एक झळाळती रेघ.

जगाला हे कळायला बराच वेळ लागला. १९६९ मध्ये कोलंबिया कंपनीने एक रेकॉर्ड काढली, पुढे १९७७ पासून आणखी निघाल्या. १९८० मध्ये पॅरिसच्या दुकानात त्यातल्या काही ग्यॉर्गी लिगेटीच्या हाती लागल्या. लिगेटी हा युरोपातला त्या काळचा आघाडीचा संगीतकार, आणि स्वतः १९५६ मध्ये हंगेरीतून पळून आलेला निर्वासित. वेबर्न आणि आइव्ज यांच्यानंतरचा हा सर्वांत मोठा शोध आहे, असे त्याने पत्रात लिहून टाकले. १९८२ मध्ये ज्या अमेरिकेने पासपोर्ट नाकारला होता, तिथल्याच मॅकआर्थर फाउंडेशनने नॅनकॅरोला तीन लाख डॉलर्सची फेलोशिप दिली. तेव्हा तो सत्तरीचा होता. १९९७ मध्ये मेक्सिको सिटीतच तो वारला. त्याचे रोल आणि कागदपत्रे आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या पॉल झाखर फाउंडेशनकडे आहेत. त्याच्या रचना खऱ्या प्लेअर पियानोवर युरोपभर ऐकवत फिरणारा आणि त्याचे चरित्र लिहिणारा जर्मन संग्राहक युर्गेन होकर हा रसायनशास्त्रज्ञ होता, हे आमच्या जातभाईंच्या अभिमानासाठी मुद्दाम नमूद करावेसे वाटते!

या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. यंत्रावर एकदा हे संगीत ऐकू आल्यावर माणसांना वाटू लागले, की हे आपल्याला का जमू नये? एन्सेंबल मॉडर्नसारख्या वाद्यवृंदाने, पियानोवादकांच्या जोड्यांनी त्याच्या स्टडीज बसवल्या. लिगेटीने १९८५ पासून जे पियानो एट्यूड लिहिले, त्यांत या लयींची प्रेरणा उघड दिसते आणि ते दोन हातांनी वाजवले जातात. खुद्द नॅनकॅरोने १९८७ मध्ये आर्डिटी क्वार्टेटसाठी जी रचना केली, तिच्यात चार वादकांच्या लयींचे प्रमाण ३:४:५:६ आहे. कोणी जवळ नाही म्हणून जो माणूस यंत्राकडे वळला, त्याच्यापर्यंत चाळीस वर्षांनी माणसे येऊन पोहोचली. यंत्राने वादकांची जागा घेतली नाही. पुढे कुठवर जाता येते ते दाखवून वादकांची वाट पाहिली.

तेव्हा यंत्र चांगले की वाईट या प्रश्नापेक्षा, यंत्र हाताशी घेऊन आपण काय करतो हा प्रश्न अधिक उपयोगाचा. घरी मुलांना तालाच्या यंत्रावर एकतालाचा ठेका लावून दिलात, तर त्यावर नुसती हजेरी न घेता तिगुन, पाचपट करायला लावा. यंत्र कंटाळत नाही, लाजवत नाही आणि समेला बरोबर हजर असते. त्यावर तयार झालेले मूल पुढे खऱ्या तबलजीसमोर बसेल, तेव्हा त्याला आनंदच होईल.

ऐकायचे असेल तर क्रम असा ठेवा. प्रथम स्टडी नंबर ३-ए. त्यात बूगी-वूगीची मजा आहे, मुलांनाही आवडेल. मग नंबर २१, अवघी तीन-साडेतीन मिनिटे. मग नंबर ३६, आणि तिथे सम कुठे येते ते शोधा. वेर्गो या जर्मन कंपनीने नॅनकॅरोच्या स्वतःच्या पियानोंवर केलेली रेकॉर्डिंग्ज त्यासाठी उत्तम. पहिल्यांदा ऐकताना घरातले कोणी ‘हे काय लावलंय?’ म्हणेल, त्यांना दोन लोकलची गोष्ट सांगा आणि पुन्हा एकदा लावा. कोणाला सम नेमकी सापडली, तर पुढच्या बैठकीला जरूर सांगा.