दोन पुरांमधलं वाया गेलेलं दशक

२२ जुलै जवळ आली की चिपळुणात २०२१ च्या पुराचा विषय निघतो आणि कोळकेवाडी धरणातून पाणी कधी, किती सोडलं यावर येऊन अडतो. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. २६ जुलै २००५ लाही शहर बुडालं होतं. शहराजवळून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीची वाट तुंबली आहे हे तेव्हाच कळायला हवं होतं, आणि नेमकं त्यानंतरचं दशक आपण हातचं घालवलं.

त्याआधीची चाळीसेक वर्षं थोडक्यात सांगता येतात. कोयना धरणाचं पाणी विजेसाठी सह्याद्री पोखरून पोफळीला उतरलं, कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी मान्य केलं, वीजनिर्मितीचे टप्पे वाढत गेले. वाशिष्ठी शासनदरबारी अवजलाची, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्याची, वाट ठरली.

२००५ नंतर खाजगी डोंगर बोडके होत गेले, रस्त्यांसाठी उतार कापले गेले. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत झेलणारी तांबडी माती उघडी पडली की वहाळांतून थेट नदीत येते. चिपळुणाजवळ नदीचा उतार मंदावतो, भरती पाण्याला मागे रेटते, आणि गाळ तिथेच बसतो. एकेकाळी गलबतं लागत त्या गोवळकोटच्या वाटेवर बेटं माजली. २०११ साली पश्चिम घाट समितीने या डोंगरांबद्दल सावध केलं, तेव्हा अहवाल वाचण्याआधीच विरोधाचे ठराव झाले. २०१२ मध्ये कोयनेतल्या दुसऱ्या लेक टॅपिंगचं, म्हणजे जलाशयाखाली बोगद्याचं तोंड फोडण्याचं, केवढं कौतुक झालं! त्याच पाण्याची खालची वाट मात्र अरुंद होत राहिली. अखेर २०२१ च्या पुरानंतर गाळ काढा म्हणून लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं.

२०२१ एवढा पाऊस कुठलंच पात्र पेलू शकलं नसतं, असं म्हणतात. खरं आहे, पूर आलाच असता. पण पात्र मोकळं असतं तर पाणी इतकं चढलं नसतं आणि लवकर ओसरलं असतं. गाळ दरवर्षी उपसू, हे उत्तरही अर्धंच. वरचे उतार झाडांनी आणि बांधांनी धरले नाहीत, तर उपसलेली जागा पुढचे पावसाळे भरून काढतील.

वीज हवी, याबद्दल वाद नाही. पण वीज करून झालेलं पाणी खाडीकडे वाहत असताना याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. हे अवजल मुंबईला नेण्याच्या योजना निघतात. त्यांच्या आराखड्यात या वाड्यांचा वाटा आणि उतार राखण्याचा खर्च आधी लिहिला गेला पाहिजे.