आजी रात्री का जागते?

रात्री दोन वाजता आजी उठते, लुगडे नीट करते आणि दाराची कडी काढू लागते. "कामावर जायचंय, मुकादम ओरडंल," म्हणते. काम सुटून वीस वर्षे झालेली असतात. दिवसा मात्र बसल्या जागी डुलक्या घेते. एका खोलीत सहा माणसे, एकाची झोप मोडली की सगळ्यांची मोडते. मग कोणी म्हणते म्हातारपण आहे, कोणी म्हणते नाटक करते, आणि शेजारची कोणीतरी हळूच सुचवते, "बाहेरचं असंल, दाखवून आणा."

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अंगाऱ्या-धुपाऱ्यात एक दिवसही घालवू नये. हा अल्झायमर असू शकतो. 1906 मध्ये आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी पन्नाशीतल्या एका बाईच्या मेंदूत तिच्या मृत्यूनंतर साचलेले थर पाहिले आणि ते जगापुढे मांडले. विसरणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण. पण दिवस-रात्रीचे भान ठेवणारे मेंदूतले घड्याळही त्यात बिघडते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. संध्याकाळ झाली की अशी माणसे जास्त गोंधळतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

आता उलटी बाजू. कमी झोपेने हा आजार होतो का? शहर झोपल्यावर रस्ते झाडले जातात, हे आपल्या वस्तीला सांगायला नको. मेंदूचेही काहीसे तसेच असावे. 2013 मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात झोपेत मेंदूच्या पेशींमधली जागा रुंदावली आणि अमायलॉइड नावाचे प्रथिन अधिक वेगाने धुऊन गेले. अल्झायमरमध्ये साचते ते हेच. माणसात हे कितपत घडते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. ब्रिटनमध्ये सुमारे 8,000 लोकांवर 25 वर्षे लक्ष ठेवले गेले. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे 30 टक्क्यांनी जास्त आढळला. तरी रात्रपाळी करणाऱ्या भावांनी घाबरू नये. लॅन्सेटच्या तज्ज्ञ मंडळाने 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणे दिली, त्यांत झोप नाही. बीपी, मधुमेह, तंबाखूचा धूर, दारू, कमी ऐकू येणे आणि एकटेपणा आहे. लहानपणी न मिळालेले शिक्षणही आहे. आपल्या आज्यांना शाळेबाहेर कोणी ठेवले, हे वेगळे लिहायला नको.

बाबासाहेब रात्ररात्र जागून वाचत, असे सांगून आपली मुले मोबाइलवर रील पाहत जागतात. ती जागरणे वेगळी, ही वेगळी!

आजी जागत असेल तर सकाळी तिला अर्धा-पाऊण तास उन्हात बसवा, निवडण्या-टिपण्याचे काम द्या. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका. चार वाजल्यानंतर चहा नको. रात्री मोरीजवळ लहान दिवा ठेवा, कडीला घुंगरू बांधा. ती कामावर निघाली तर "काम कुठलं आता?" म्हणून वाद घालू नका. "आज सुट्टी आहे आई" म्हटले की बऱ्याचदा ती परत टेकते. मेडिकलमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका, तिने गोंधळ वाढतो आणि म्हातारे माणूस पडते. मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले, तर मात्र थांबू नका. लघवीचा संसर्ग किंवा ताप असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सुनेचे काय? आजी गल्लीत सांगते, "सून जेवू घालत नाही," आणि लोक खरे मानतात. जेवलेले विसरणे हा आजाराचाच भाग आहे. सून महिनोन् महिने जागते आणि सकाळी कामावर जाते. मुलांनी, लेकींनी रात्री वाटून घ्याव्यात. रविवारच्या वंदनेनंतर विहारातल्या उपासिकांनी दोन तास आजीजवळ बसावे, म्हणजे तिला पाठ टेकता येईल.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात आजीला दाखवा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्या आणि आठ दिवसांची वही न्या: किती वाजता झोपली, केव्हा उठली, काय बोलली. शाळेत जाणारा नातू हे नीट लिहू शकतो.