जुन्या लॅपटॉपची नाडी कशी तपासावी?

टिटवाळ्यातील एका घरात गेला आठवडाभर एकाच विषयावर चर्चा सुरू आहे. मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. फी, रेल्वेचा पास आणि पुस्तके यांत बरीचशी शिल्लक संपली. आता लॅपटॉप हवा आहे आणि नवा घेणे परवडणारे नाही. वडील रोज लोकलने मुंबईला नोकरीला जातात. एका संध्याकाळी काम आटोपून ते ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, दोन जुने लॅपटॉप पाहून आले.

दोन्हींवर इंटेल 'आय-फाइव्ह'चे लेबल होते आणि दोन्हींत आठ जीबी रॅम होती. एकाची किंमत चौदा हजार, दुसऱ्याची एकोणीस हजार. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत वेग २.५ गिगाहर्ट्झ लिहिला होता आणि महागाच्या माहितीत १.६. "जास्त पैसे मोजून कमी वेगाचे यंत्र कशाला घ्यायचे?" हा वडिलांचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याचे उत्तर वाटते त्याच्या उलट आहे.

नाडीचे ठोके आणि हृदयाची ताकद

स्वस्त लॅपटॉपमध्ये 'आय-फाइव्ह ७२००यू' हा प्रोसेसर होता, तर महागात 'आय-फाइव्ह ८२५०यू'. या काळातील चार आकडी क्रमांकांत पहिला आकडा प्रोसेसरची पिढी सांगतो. त्यामुळे पहिला सातव्या पिढीचा, दुसरा आठव्या पिढीचा. पहिला ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाला, दुसरा ऑगस्ट २०१७ मध्ये. वयात जेमतेम वर्षाचे अंतर, पण अंतर्रचनेत मोठा फरक.

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरची नाडी. २.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अडीच अब्ज ठोके. मात्र नुसती नाडी मोजून हृदयाची ताकद कळत नाही. विश्रांती घेत असलेल्या सामान्य माणसाची नाडी मिनिटाला सत्तर असेल आणि दर ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर रक्त बाहेर पडत असेल, तर हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. कसलेल्या धावपटूची नाडी पन्नास असली तरी दर ठोक्याला शंभर मिलिलिटर रक्त गेले की हिशेब तोच, पाच लिटर. वर त्याच्याकडे गरज पडल्यास वाढवण्याची क्षमता जास्त असते. कमी नाडी हा त्याचा दुबळेपणा नव्हे.

या दोन प्रोसेसरांत दर ठोक्याला होणारे काम जवळपास सारखेच आहे. फरक आहे तो काम करणाऱ्या 'कोर'च्या संख्येत. ७२००यू मध्ये दोन कोर आहेत, ८२५०यू मध्ये चार. पहिला एका वेळी कामाचे चार धागे हाताळतो, दुसरा आठ. जवळची तात्पुरती साठवण, म्हणजे कॅश, पहिल्यात तीन एमबी तर दुसऱ्यात सहा. दोघांचीही ठरवून दिलेली वीजमर्यादा एकच आहे, १५ वॉट. तेवढ्याच विजेत दोघांऐवजी चौघांना काम द्यायचे, म्हणून प्रत्येकाचा हमीचा वेग कमी लिहिलेला असतो. काम एकट्या कोरचे असेल तेव्हा मात्र ७२००यू ३.१ पर्यंत जातो आणि ८२५०यू ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. दोन कोर गुणिले २.५ म्हणजे ५. चार कोर गुणिले १.६ म्हणजे ६.४. हमीच्या वेगानेही दुसरा सव्वापटीहून पुढे जातो. एकट्या कोरच्या कामात मात्र फरक दहा टक्क्यांच्या आसपास राहतो.

मोदक वळणारे हात

मग चार कोर म्हणजे दुप्पट काम का नाही? टिटवाळेकरांना याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडेल. अंगारकीला एकवीस मोदक करायचे असतील, तर उकड एकाच पातेल्यात, एकाच हाताने काढावी लागते. तिथे चार जणी उभ्या राहिल्या तरी काम लवकर होत नाही. मोदक वळायला बसल्यावर मात्र चार जणी दोघींपेक्षा कितीतरी लवकर ताट भरतात. पुढे वाफवायला लागणारा वेळ पुन्हा तोच.

संगणकाचेही असेच. पत्र टाइप करणे किंवा एखादे साधे संकेतस्थळ उघडणे हे उकडीचे काम, तिथे दोन्ही लॅपटॉप जवळपास सारखे वाटतील. पण ऑनलाइन वर्ग चालू आहे, ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी आहेत, मागे अँटिव्हायरसची तपासणी सुरू आहे आणि त्याच वेळी प्रोग्राम चालवून पाहायचा आहे, असे झाले की मोदक वळणारे हात कामी येतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला हे रोजचेच.

अनेक हातांनी काम वाटून घेण्याचे हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला, तो एकाच अतिवेगवान प्रोसेसरच्या जोरावर नव्हे, तर 'ट्रान्सप्युटर' नावाचे ६४ लहान प्रोसेसर एकत्र जोडून.

आयुष्य किती उरले?

जुनी वस्तू घेताना आजच्या ताकदीइतकेच उरलेले आयुष्य महत्त्वाचे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून आहेत. सातव्या पिढीतील अपवाद मोजकेच आणि त्यांत ७२००यू नाही. ८२५०यू मात्र यादीत आहे. सातव्या पिढीच्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ घालून दिले जाते. ते चालतेही, पण पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. लस न घेतलेल्या मुलाला गर्दीत सोडण्यासारखेच हे. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होणार आणि परीक्षेचे अर्ज भरले जाणार, तिथे हा धोका नको.

म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून पाहावे. समजा चौदा हजारांचे यंत्र दोन वर्षे नीट चालले, तर वर्षाला सात हजार पडले. एकोणीस हजारांचे चार वर्षे, म्हणजे पदवी पूर्ण होईपर्यंत चालले, तर वर्षाला पावणेपाच हजार. अंदाज बदलला की उत्तर बदलेल, पण भागाकार करायला विसरू नये.

याचा अर्थ ७२००यू टाकाऊ आहे असा नाही. घरातील आजोबांना बातम्या वाचायच्या आहेत, नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे आहे, धाकट्याला मराठी टायपिंग शिकायचे आहे, तर तो पुरेसा आहे. त्यावर उबंटूसारखी किंवा सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली घातली, तर सुरक्षा-दुरुस्त्यांचा प्रश्नही सुटतो. किंमत मात्र त्या बेताची हवी.

दोन्ही बाबतींत एक अट समान आहे. आत फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडी हवी. फिरत्या तबकडीवर माहितीचा तुकडा शोधायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. हार्ड डिस्कचा ८२५०यू रोजच्या वापरात एसएसडीच्या ७२००यू पेक्षा मंद वाटू शकतो.

ताप आणि ताण चाचणी

प्रोसेसर कितीही चांगला असला तरी तापला की मंदावतो. या दोघांच्याही आतल्या तापमानाची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ती जवळ आली की प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, भर उन्हात कष्ट करणारा माणूस सावलीत थांबतो तसा. जुन्या लॅपटॉपच्या पंख्यात धूळ साचलेली असते आणि प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप वाळलेला असतो. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असूनही ट्रेडमिलवर हृदयाचा दोष उघड होतो, तसे हे दुखणे दुकानातल्या दोन मिनिटांत दिसत नाही.

यासाठी दुकानातच ताण चाचणी घ्यावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'खाली प्रोसेसरचे नाव, कोरची संख्या आणि चालू वेग दिसतो. लेबलवर नव्हे, या नावावर विश्वास ठेवावा. मग मोठा व्हिडिओ लावून, सोबत दहा-बारा पाने उघडून वीस मिनिटे लॅपटॉप चालवावा. इतके काम चालू असूनही वेग एकदम कोसळला, पंखा घरघरू लागला किंवा तळ हात ठेवता येणार नाही इतका तापला, तर यंत्र आजारी आहे.

बॅटरीही पाहावी. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नये, टोचू नये आणि तसा लॅपटॉप घेऊ नये.

या उष्णतेचा संबंध वापरणाऱ्याच्या त्वचेशीही आहे. लॅपटॉप रोज तासन्‌तास उघड्या मांडीवर ठेवल्याने त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. त्याला वैद्यकात 'इरिथिमा अ‍ॅब इग्ने' म्हणतात. चटका बसत नाही, म्हणून लक्षात येत नाही. २०१० मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात अशा एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध झाली होती. उष्णता वेळीच थांबवली तर डाग बहुधा हळूहळू फिकट होतात. लॅपटॉप टेबलावर ठेवावा, मांडीवर नको आणि गादीवरही नको, कारण गादी हवेची तळाची छिद्रे बुजवते.

शनिवारी बाप-लेक पुन्हा ग्रँट रोडला गेले. या वेळी खिशात एक चिठ्ठी होती: पिढी, कोर, एसएसडी, ताप, बॅटरी. एकोणीस हजारांचा लॅपटॉप टेबलावर ठेवताच डुगडुगला. दुकानदाराने त्याच प्रोसेसरचा दुसरा नग काढून दिला. मुलीने तो वीस मिनिटे चालवला, तळाला हात लावून पाहिला आणि बाबांकडे बघून मान हलवली. परतीच्या लोकलमध्ये लॅपटॉपची पिशवी तिच्या मांडीवर होती. पण यंत्र बंद होते, त्यामुळे तेवढे चालण्यासारखे होते.