आभासी संगणक आणि स्मृतीची पाने

एकाच सर्व्हरवर लिनक्समधील केव्हीएम या सुविधेने अनेक ‘आभासी’ संगणक चालविता येतात. यंत्रसामग्रीचा खर्च वाचतो. परंतु स्मृतीची, म्हणजे रॅमची, मांडणी चुकल्यास काम मंदावते.

प्रोसेसर स्मृतीचा हिशेब ‘पानां’नी ठेवतो. इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांवर नेहमीचे पान ४ किलोबाइटचे असते. ६४ गिगाबाइट स्मृतीची अशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पाने होतात. पानाचा पत्ता आभासी संगणकाच्या व मूळ सर्व्हरच्या अशा दोन तक्त्यांतून शोधावा लागतो. तक्ते चार पातळ्यांचे असल्यास एका शोधासाठी २४ पर्यंत खेपा पडतात. गावनमुन्यांत जुनी नोंद शोधणाऱ्यास ही यातायात परिचित वाटेल.

पान २ मेगाबाइटचे केल्यास तीच संख्या ३२,७६८ वर येते आणि खेपा घटतात. अशी मोठी पाने सर्व्हर सुरू होतानाच राखून ठेवणे इष्ट. नंतर सलग मोकळी जागा मिळणे कठीण जाते. मात्र राखीव स्मृती अन्य कामास वापरता येत नाही. सर्वच स्मृती राखण्याचा उत्साह म्हणूनच घातक. मूळ सर्व्हरला स्मृती अपुरी पडली, की लिनक्स नाइलाजाने एखादी प्रक्रिया बंद करते. आणि केव्हीएमवरील प्रत्येक आभासी संगणक ही लिनक्सच्या लेखी एक प्रक्रियाच असते.