वळून बघणं

मैत्रिणींनो, दीड वर्षाचं बाळ कावळा दिसला की बोट दाखवतं आणि वळून आईकडे बघतं, तिलाही दिसला ना म्हणून. स्वमग्नतेची शंका आली की आम्ही आधी शब्द मोजत नाही, हे वळून बघणं पाहतो. ते नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत बसू नका. कान तपासून घ्या, जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवा.

आणि तोवर घरी खेळा. बाळासमोर खाली बसा. साबणाचा एक फुगा उडवा, मग गप्प थांबा. आठ-दहा सेकंद, आईला ते फार जड जातं! बाळानं नुसतं बघितलं तरी लगेच पुढचा फुगा. हनुवटी धरून तोंड मात्र वळवू नका.