दुधाची दाढ आणि दातांची जुळणी : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

दातांच्या आरोग्याचा विचार सर्वसाधारणपणे एकेका दाताच्या अनुषंगाने केला जातो. कीड कोणत्या दाताला लागली, कोणता हलतो, कोणता काढावा लागेल, एवढ्यापुरतीच चौकशी होते. वस्तुतः दात एकटा काम करीत नाही. जात्याचा खालचा दगड कितीही चांगला टाकलेला असला, तरी वरचा दगड त्यावर नीट बसल्याखेरीज पीठ पडत नाही. तोच न्याय दाढांना लागू आहे. वरचे व खालचे दात मिटल्यावर एकमेकांवर कसे बसतात, यावर चर्वण, उच्चार, चेहऱ्याची ठेवण आणि पुष्कळ अंशी दातांचे आयुष्यही अवलंबून असते. या बसण्यालाच दातांची जुळणी म्हणावयाचे. पेण आणि रोहा या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय मांडताना एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. जुळणी बिघडल्याचे घरच्यांच्या लक्षात येते ते मूल आठवी-नववीत गेल्यावर. परंतु ती बिघडण्याची क्रिया अनेकदा पहिली-दुसरीतच, एखाद्या दुधाच्या दाढेपाशी, सुरू झालेली असते.

जुळणीचे स्वरूप

दुधाचे दात २० व कायमचे दात ३२ असतात. निसर्गतः वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीपेक्षा किंचित रुंद असते. डब्याचे झाकण डब्याच्या काठाबाहेर यावे, तसे वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर येतात. पुढच्या बाजूस वरचे पटाशीचे दात खालच्यांना साधारण एक-तृतीयांशापर्यंत झाकतात आणि त्यांच्यापुढे २ ते ३ मिलिमीटर असतात. मागच्या बाजूस एका दाढेचे उंचवटे समोरच्या दाढेच्या खळग्यांत उतरतात. उखळात मुसळ यावे तसा हा प्रकार असतो. खालचा मधला पटाशीचा दात आणि वरची शेवटची दाढ सोडली, तर प्रत्येक दात समोरच्या दोन दातांना भिडतो. त्यामुळे एक दात गेला तरी समोरचा पूर्णपणे निराधार होत नाही, आणि चावण्याचा भारही वाटला जातो.

दात मिटलेलेच असावेत असा मात्र याचा अर्थ नव्हे. जबडा विश्रांतीत असताना वरच्या व खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. तोंड मिटले म्हणजे ओठ मिटतात, दात नव्हे. सतत दात आवळून बसणाऱ्या व्यक्तीचे स्नायू व जबड्याचा सांधा दुखू लागतो, त्याचे कारण हेच.

भाषेच्या अभ्यासकांनाही हा विषय परका नाही. तवर्गाला ‘दंत्य’ आणि ‘व’ या वर्णाला ‘दंतोष्ठ्य’ म्हणताना प्राचीन वैयाकरणांनी वरच्या दातांचे स्थान गृहीतच धरले होते. ‘वारा’ हा शब्द उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला सहज लागतो, कारण वरचे दात पुढे असतात. शेतीनंतर मऊ अन्न वाढले, दातांची झीज कमी झाली, लहानपणीची ही पुढे-मागे ठेवण प्रौढपणीही टिकू लागली आणि त्यामुळे दंतोष्ठ्य ध्वनी जगातील भाषांत अधिक पसरले, असे प्रतिपादन दामियान ब्लासी व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केले. त्यावर मतभेद आहेत. तथापि आहार, दात आणि वाणी यांचा असा एकत्र विचार करण्यास भाषाविज्ञान व जीवशास्त्र या दोन्ही विभागांना वाव आहे.

दोषांचे प्रकार

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. त्याचा आधार पहिली कायमची दाढ हा आहे. वरच्या पहिल्या दाढेचा पुढचा बाहेरील उंचवटा खालच्या पहिल्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसला पाहिजे, ही त्याची कसोटी. दाढा अशा बसूनही पुढे दात दाटीने वेडेवाकडे असतील, तर तो पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा. मराठीत ज्याला ‘दाताळ’ म्हणतात तो चेहरा बहुधा याच वर्गातला. खालची दाढ पुढे सरकली तर तिसरा वर्ग. यात हनुवटी पुढे येते आणि खालचे दात वरच्यांच्या बाहेर पडतात. अँगल यांची कसोटी केवळ पुढे-मागे एवढीच दिशा पाहते, ही तिची मर्यादा. एखाद्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडणे, वरचे दात खालच्यांना जवळजवळ पूर्ण झाकणे, किंवा दाढा मिटल्या तरी पुढे फट राहणे, हे दोष तिच्यात बसत नाहीत. अशी फट असलेल्या मुलाला पापडाचा तुकडादेखील पुढच्या दातांनी तोडता येत नाही. पोह्यांच्या पापडांसाठी ख्याती असलेल्या पेणमध्ये हे घरातल्यांच्या नजरेत लवकर यावयास हरकत नाही.

हे दोष केवळ सौंदर्याचे नव्हेत. दाटीच्या जागी घास अडकतो, ब्रश पोहोचत नाही व हिरड्या सुजतात. वरचे दात ३ मिलिमीटरहून अधिक पुढे असलेल्या मुलांत पडून दात दुखावण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. शाळेच्या मैदानावर तुटणारा दात बहुतेक वेळा वरचा मधलाच असतो.

सहा ते बारा वर्षांचा काळ

कारणांपैकी काही आनुवंशिक आहेत. जबड्यांचा आकार आणि त्यांचे परस्पर प्रमाण मूल आई-वडिलांकडून घेऊन येते. त्यावर घरगुती उपाय नाही. चार वर्षांनंतरही चालू राहिलेले अंगठा चोखणे व जिभेने दात पुढे ढकलण्याची सवय यांचा वाटाही आहे. परंतु टाळता येण्याजोगे, म्हणून सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे दुधाची दाढ अवेळी जाणे हे होय.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. ही पहिली कायमची दाढ. कोणताच दात न पडल्यामुळे तिच्या येण्याची नोंद घरात होत नाही. पुढचा दात पडला की तो कौलांवर टाकावयाचा की उंदराच्या बिळाशी ठेवावयाचा, याची चर्चा होते. हिच्या वाट्याला तेवढेही कौतुक येत नाही. पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिला कीड लागली तर ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून वाट पाहिली जाते, आणि दुसरी येत नाही. ज्या दाढेवर अँगल यांनी सारी जुळणी मोजली, तीच अशी गैरसमजुतीने गमावली जाते.

दुधाच्या दाढांची गोष्ट याहून नाजूक आहे. त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत जागा राखून ठेवतात. त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढा आकाराने लहान असल्याने थोडी जागा शिल्लक राहते. ती खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सरासरी १.७ आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर असते. निसर्गाने राखलेली ही शिल्लक पुढच्या दाटीवाटीत कामी येते. किडलेली दुधाची शेवटची दाढ सातव्या-आठव्या वर्षीच काढली, तर मागची कायमची दाढ रिकाम्या जागेकडे झुकते आणि सरकते. मग अकराव्या-बाराव्या वर्षी येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही. ती आडवळणाने उगवते किंवा हाडातच अडकते. वरच्या जबड्यात सुळे उशिरा येतात. त्यांना ओळीत जागा न मिळाल्यास ते वर, ओठाखाली, बाहेर उगवतात. दुखरी दाढ काढल्याने त्या रात्री मुलाला झोप लागते, हे खरे. म्हणून काढणाऱ्याला वा काढवणाऱ्याला दोष देणे अप्रस्तुत ठरेल. मात्र ती शक्यतो भरून वाचवावी, आणि काढणे अटळ असेल तर जागा राखणारी पट्टी व तार बसवून घ्यावी, हे सांगितले गेले पाहिजे. ही तार साधी असते आणि पुढील काही वर्षांच्या उपचारापेक्षा तिचा खर्च पुष्कळ कमी येतो.

उलट काही गोष्टींची चिंता अनाठायी असते. दुधाच्या दातांमधील फटी हे शुभलक्षण होय. मोठ्या दातांना जागा असल्याचे ते चिन्ह. आठ ते अकरा वर्षांच्या काळात वरच्या दोन पटाशीच्या दातांत दिसणारी फट सुळे उतरताना बहुधा आपोआप मिटते. ती मिटविण्यासाठी घरीच दोन दातांभोवती रबर अडकविणे फार घातक आहे. निमुळत्या मुळावरून ते रबर हिरडीखाली सरकते, हाड नष्ट करते आणि निरोगी दात गमावले जातात.

उपचार आणि अंतर

तपासणीसाठी वरच्या व खालच्या दातांचे ठसे घेऊन त्यात जिप्सम ओततात. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत वापरले जाणारे प्लास्टर आणि हे प्लास्टर एकाच कुळातले. साचा, ओतकाम, सुकणे व सांधा जुळविणे ही कृतीही पेणकरांना समजावून सांगावी लागू नये. आता अनेक ठिकाणी प्लास्टरऐवजी संगणकीय प्रतिमा घेतली जाते. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७२ मध्ये उत्तम जुळणीची सहा लक्षणे सांगितली, ती कोणताही उपचार न झालेल्या १२० व्यक्तींच्या अशाच नमुन्यांवरून.

जबडा वाढत असताना, म्हणजे साधारण अकरा ते चौदा वर्षांच्या काळात, मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी काढता-घालता येणारी साधने उपयोगी पडतात. ही वाढ संपली की तारांनी दात हलविता येतात, जबडा नव्हे. महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही वेळ बहुतांशी निघून गेलेली असते; तरीही तारांच्या उपचारास वयाची अट नाही, हिरड्या व हाड मात्र निरोगी हवे. दात सरळ झाल्यावर ते जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून ते धरून ठेवणारे साधन दीर्घकाळ वापरावे लागते. उपचार फसल्याच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ हे साधन कपाटात राहण्यात असते.

तारांच्या उपचाराला दीड ते दोन वर्षे लागतात व दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. जिल्ह्यातील दंतवैद्यकीय महाविद्यालये कामोठे व खारघर येथे, म्हणजे पनवेल तालुक्यात आहेत. शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय मुंबईत. रोहा ते पनवेल लोहमार्ग सुमारे ७५ किलोमीटरचा. पंधरा-वीस खेपा, प्रत्येक खेपेला मुलाची शाळा व पालकाची एका दिवसाची मजुरी, हा हिशेब उपचाराच्या शुल्कात कोठेच दिसत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारांमागे तोच असतो. जागा राखणाऱ्या तारेचा आग्रह धरावयाचा तो यासाठी.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असून दातांच्या विकारांचा त्यात समावेश आहे. पथक शाळेत येते त्या दिवशी हजर असलेल्या मुलांचीच तोंडे पाहिली जातात. पेण, रोहा परिसरातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की परततात. त्या मुलांची तपासणी करावयाची, तर ती जून-जुलैमध्ये, ती वाडीवर असताना करावी लागेल.